गेमवाल्या काकूंना विचारा: माळ्यावरच्या कॅसेटला किती येतील?

या वेळी पत्रं भरपूर आली आणि त्यातली निम्मी 'किती येतील?' या एकाच प्रश्नाची. सगळी छापण्यात अर्थ नाही, त्यांतलं एक घेतलंय. ज्यांनी हे पान पहिल्यांदाच उघडलंय त्यांच्यासाठी एवढंच सांगते. नव्वदच्या दशकात खानापुरात आमच्या घराच्या सोप्यात मी तासावर व्हिडिओ गेम चालवायचे. भावाचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, सोल्डरिंग तिथं शिकले. पुढं पोरं सायबर कॅफेत जायला लागली आणि सोपा बंद झाला. यंत्रं मात्र मी मोडीत घातली नाहीत. मग लोकच आपापली आणून द्यायला लागले.

काकू, निपाणीच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर तंबाखूच्या पोत्यांमागं पप्पांचा व्हिडिओ गेम सापडला. दोन रिमोट आहेत आणि एक पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९९९९ इन १' लिहिलंय. मारिओची कॅसेट कोटीत विकली गेली असं यूट्यूबवर बघितलं. ही कितीला जाईल आणि कुठं विकू? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, निपाणी

आधी ते कोटीचं मिटवूया. २०२१च्या जुलैत अमेरिकेत 'सुपर मारिओ ६४'ची एक कॅसेट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, हे खरं आहे. पण १९९६ साली निघालेल्या त्या कॅसेटच्या खोक्याचं सीलसुद्धा कुणी फोडलेलं नव्हतं. म्हणजे ती कुणी खेळलीच नाही, आणि न खेळल्याचेच पैसे आले. तुझ्या पप्पांनी त्यांची कॅसेट घासघासून खेळलीय की.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघू. निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ला जपानमध्ये 'फॅमिकॉम' काढला. आपल्या गल्लीबोळांत आला तो हा नव्हे, त्याची नक्कल आली. लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर २ अशी कितीतरी नावं होती, पण आतला मेंदू एकाच घराण्यातला. कॅसेटचं तोंड बघ आणि सोनेरी पट्ट्या मोज. दोन्ही बाजू मिळून ६० भरल्या तर ती फॅमिकॉमच्या घराण्यातली. अमेरिकेत हेच यंत्र एनईएस म्हणून विकलं गेलं, त्याच्या कॅसेटला ७२ असतात आणि ती तुझ्या यंत्रात बसणार नाही.

यंत्राच्या पाठीचे स्क्रू काढ. (वायर आधी प्लगमधून काढायची. हे लिहावं लागतं, कारण न काढणारे मला ठाऊक आहेत.) आत दोन मोठ्या चिपा दिसल्या, प्रत्येकीला ४० पाय, तर तुझं यंत्र जुन्या पिढीचं आणि नीट बांधलेलं. चिपेवर पुष्कळदा यूएमसी या तैवानी कंपनीचं नाव आणि यूए६५२७पी असा नंबर सापडतो. तो सापडला तर मला फोटो पाठव. त्याऐवजी हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एकच काळा ठिपका असेल तर ते नंतरचं स्वस्त काम. चालतं तेही, पण बिघडलं की संपलं, त्या ठिपक्याच्या आत कुणाला हात घालता येत नाही.

आणि ते नव्व्याण्णव लाख गेम? मोजके आठ-दहा, फार तर दोन-तीन डझन. तोच मारिओ एकदा पहिल्या पातळीपासून, एकदा तिसऱ्या, एकदा आकाशातून. यादी लांबवली की गिऱ्हाईक खूश. यातला एकही गेम मूळ कंपनीला विचारून घातलेला नाही, त्यामुळं परदेशातले संग्राहक अशा कॅसेटला मोठी किंमत देत नाहीत. तुला आले तर शेकड्यात येतील.

म्हणून विकू नकोस. आज संध्याकाळी पप्पांना शेजारी बसव आणि लिहून घे. कुठल्या दुकानातून घेतला, कोणत्या वर्षी, किती रुपयांना, कोल्हापूरहून आणला की बेळगावच्या खडेबाजारातून, पहिल्या दिवशी कुणाकुणाची पोरं बघायला आली. कागद यंत्राच्या खोक्यात ठेव. जपानच्या मूळ फॅमिकॉमची खडा न् खडा माहिती छापून आलीय. आपल्याकडच्या नकली यंत्रांवर बनवणाऱ्याचं नावही धड नसतं, कुणी सुटे भाग मागवले, कुठं जोडले, निपाणीपर्यंत कोण घेऊन आलं, याची कुठं ओळ नाही. तो कागद नसेल तर तुझ्याकडं नुसतं प्लॅस्टिक उरतं. माझ्याकडं कुणी यंत्र आणलं की मी आधी वही काढते, स्क्रू-ड्रायव्हर नंतर.

जुना अडॅप्टर मात्र थेट लावू नकोस. तो बाजूला ठेव, ९ व्होल्ट डीसीचा नवा घे, आणि पिनच्या आत-बाहेर प्लस-मायनस कुठं आहे ते मल्टिमीटरनं तपासून घे. नकली यंत्रांत ते सगळ्यांचं सारखं नसतं.

ताई, नातवासाठी जुना गेम काढला. सगळं सुरू आहे, फक्त बदकं मारायची बंदूक चालत नाही. नवीन ४३ इंची एलईडी टीव्ही आहे. ट्रिगर दाबला की पडदा लुकलुकतो, पण बदक काही पडत नाही आणि कुत्रं हसतं. नातू म्हणतो, आजोबांनाच नेम येत नाही. – निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव

गुरुजी, नेम तुमचा ठीक आहे, दोष टीव्हीचा आहे. नातवाला हे वाचून दाखवा.

बंदुकीतून काही बाहेर जात नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. ट्रिगर दाबला की यंत्र क्षणभर सगळा पडदा काळा करतं. लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतं. दोन बदकं असतील तर एकामागून एक चौकोन. आधी अंधार आणि मग नेमक्या वेळी उजेड दिसला तर बदक पडलं. कोणत्या चौकोनाच्या वेळी दिसला त्यावरून कुठलं बदक ते ठरतं. तुम्हाला जे लुकलुकणं दिसतं ते हेच. आधीचा अंधार का, तर पोरांनी बंदूक दिव्यावर रोखून फसवू नये म्हणून.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत यंत्रानं सांगितलं की त्याच क्षणी पडद्यावर उमटतं. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात यंत्राची वेळ निघून गेलेली असते. शिवाय बंदुकीतला डोळा ट्यूबच्या झपाट्यानं फिरणाऱ्या रेषेच्या लुकलुकीवर बेतलेला, सेकंदाला सुमारे १५ हजारांच्या घरात. एलईडीचा उजेड तसा लुकलुकत नाही. सेटिंग बदलून हे जमणार नाही.

तेव्हा ट्यूबचा टीव्ही बघा. चौदा इंची पुरे, एकवीस इंचीला उचलायला दोघं लागतात. बीपीएल, ओनिडा, व्हिडिओकॉन, कुठलाही चालेल, पुढं किंवा मागं चित्राची पिवळी जॅक असलेला मिळाला तर उत्तम. शहापुरात, वडगावात अजून कित्येकांच्या घरी कपाटावर पांघरूण घालून बसलेला असतो, लोक 'न्या की, जागा तरी मोकळी होईल' म्हणतात. घेताना चालू करून घ्या आणि दहा मिनिटं बघा. चित्र हळूहळू आक्रसत असेल तर नको. बंद पडला तर पाठ उघडू नका. कलर ट्यूबच्या मागं २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते बराच वेळ टिकून राहतात. ज्याचे केस पांढरे झालेत असाच मेकॅनिक शोधा, तरुणांनी ट्यूब हाताळलेलीच नाही.

बंदूक दुसऱ्या जॅकमध्ये लावलीय ना, तेवढं बघून घ्या.

नमस्कार काकू. माझा मामेभाऊ जपानमध्ये नोकरीला आहे. दिवाळीला येताना तो खरा फॅमिकॉम आणणार आहे, अडॅप्टरसकट. आल्याबरोबर चालू करायचा आहे. काही काळजी घ्यायची का? – दंतवैद्य, चिक्कोडी

डॉक्टर, 'आल्याबरोबर' हा शब्द खोडा.

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्ट, आपल्याकडं २३०. तिकडचा अडॅप्टर इकडच्या बोर्डात घातला की जळलाच. तो शोभेला ठेवा. त्यावर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असेल. इथं ९ व्होल्ट, १ अँपिअरचा घ्या, फक्त पिनच्या मधल्या भागात मायनस असलेला हवा. आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेकांत मध्ये प्लस असतो, तेव्हा दुकानदाराला मीटर लावून दाखवायला सांगा. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर चुकूनही लावू नका. तो ९ व्होल्टच देतो, पण एसी. एनईएसच्या आत एसीचा डीसी करायची सोय आहे, फॅमिकॉमच्या आत नाही.

आता चित्र. पहिल्या फॅमिकॉमला पिवळी जॅक नाही, अँटेनाच्या वायरीतून चित्र जातं, आणि तेही जपानच्या १ किंवा २ नंबरच्या चॅनेलवर. ते साधारण ९१ आणि ९७ मेगाहर्ट्झला पडतात, आणि तिथं आपल्याकडं एफएम रेडिओ वाजतो. आपला टीव्ही कितीही फिरवा, सापडणं कठीण. शिवाय टीव्हीला रंगीत चित्र पाठवायची जपानची पद्धत एनटीएससी, आपली पाल. नुसत्या पालच्या जुन्या टीव्हीवर चित्र आलंच तर काळंपांढरं. उपाय दोन. एक, यंत्रात छोटी ट्रान्झिस्टरची पट्टी जोडून पिवळी जॅक काढायची. हे काम अवघड नाही, पण मूळ यंत्राला भोक न पाडणारा माणूस हवा. दुसरा सोपा. भावाला सांगा, १९९३चं मॉडेल बघ, त्याला जॅक कंपनीतूनच आहे.

मी तुमच्या जागी असते तर जुनंच घेतलं असतं. कारण सांगते. आपल्या नकली गेमच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्ट बटणं नसायची, आठवतं? पोरं मला विचारायची, काकू, दुसऱ्यावर अन्याय का? खऱ्या फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर त्या जागी माइक आहे, बोलायचा. नक्कल करणाऱ्यांनी माइक वगळला, पण बटणं काही घातली नाहीत. हे हातात घेऊन बघण्यात मजा आहे.

जांबोटीकडं आमचं घर. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. कॅसेटी दरवर्षी सप्टेंबरपर्यंत चालायच्या बंद होतात. फुंकर मारून बघतो, कधी चालते, कधी नाही. – शेतकरी, खानापूर तालुका

भाऊ, तुमचा प्रश्न माझाच आहे. खानापुरात एवढं, तर कणकुंबी-जांबोटीला काय होत असेल ते कळतं.

फुंकर पहिली बंद. फुंकरीतून थुंकीचा ओलावा जातो आणि पट्ट्या हळूहळू काळ्या-हिरव्या पडतात. फुंकर मारल्यावर चालायची ती फुंकरीमुळं नव्हे. कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळं पट्टी पिनेवर घासून नवी जागा धरते, म्हणून चालायची. नुसती दोनदा काढून-घालून बघा, तेच होईल.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं 'आयपीए' म्हटलं की मिळतं. कानातल्या कापसाच्या काडीला लावायचं, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं पुसायचं, काडी काळी निघायची थांबेपर्यंत. वाळू द्यायचं आणि मग लावायचं. डाग हट्टी असेल तर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हातानं. पॉलिश पेपर नको, सोन्याचा मुलामा केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो, एकदा गेला की तांबं उघडं पडतं आणि मग दरवर्षी रडगाणं. थिनर तर घरात आणूच नका, कव्हरचं प्लॅस्टिक विरघळतं.

ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल. रंग बदलणारे दाणे घ्या, ओल खाऊन रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. तांदळात पुरून ठेवायचा सल्ला कुणी देईल, त्यानं पिनांत पीठ शिरतं.

यंत्र मात्र डब्यात कोंडू नका. पावसाळ्यात दर आठवड्याला तासभर चालवा. आत व्होल्टेज आवरणारी चिप तापते, त्या ऊबेनं ओल निघते. न वापरलेलं यंत्र जास्त लवकर मरतं.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. वायर यंत्राभोवती गुंडाळून ठेवायची आपली सवय आहे, ती सोडा. वायरीच्या वरचा मऊ थर प्लॅस्टिकला खातो, वर्षा-दोन वर्षांत यंत्रावर वायरीचा वितळलेला वळ उठतो आणि तो जात नाही. थर्माकोलमध्ये वायर ठेवली तरी तेच. रबरबँड तर कॅसेटच्या चिठ्ठीवर चिकटून बसतो. वायरी वेगळ्या, कागदात.

काकू, नवऱ्यानं दिवाणाखालची जागा, दोन कपाटं आणि आता देवघराच्या शेजारचा कोनाडा भरवला. सगळे बंद पडलेले गेम. 'दुरुस्त करणार आहे' म्हणतात. मी काय करू? – गृहिणी, अनगोळ

बंद वस्तू घरात यायची असेल तर घरातली एक बंद वस्तू आधी चालू व्हायला पाहिजे. हा माझ्या घरचा नियम, माझ्यावरच लावलेला. त्यांना हे पान दाखवा. पिक्चर ट्यूबचा टीव्ही घरात एकच. कोनाडा परत घ्या, त्यात तडजोड नाही.

आणि एकदा त्यांच्या शेजारी बसा. काँट्रा हा गोळीबाराचा गेम लावायला सांगा. नावाचा पडदा आला की पहिल्या रिमोटवर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. दोघं खेळणार असाल तर मग सिलेक्ट, आणि शेवटी स्टार्ट. तीनच्या जागी तीस जीव मिळतात. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या यंत्रावर आणताना ही खूण घातली होती, कारण तपासताना त्यांना स्वतःलाच तो अवघड जात होता. आमच्या सोप्यात ती पहिल्यांदा मराठी शाळेतल्या एका पोरीनं करून दाखवली आणि महिनाभर कुणाला सांगितली नाही.

मोबाइलवर इम्युलेटरमध्ये सगळे गेम फुकट मिळतात. मग हा कचरा कशाला जमवायचा? – वाचक, गोकाक

नका जमवू. खेळ खेळायचाच असेल तर मोबाइल पुरे. एवढंच की इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, वापरणं वेगळं आणि दुसऱ्याच्या मालकीचा गेम फुकट उतरवणं वेगळं. आणि गुरुजींची बंदूक मोबाइलवर कशी रोखणार?

आखातातल्या मामांनी मला लहानपणी गेम बॉय आणि पोकेमॉन गोल्ड दिला होता. आता गेम सुरू होतो, पण सेव्ह केलेलं राहत नाही. कॅसेट खराब झाली का? – बँक कर्मचारी, संकेश्वर

कॅसेट ठीक आहे, आतली बॅटरी संपली. त्या कॅसेटमध्ये नाण्याएवढा सेल असतो, सेव्ह त्याच्यावर जगतं. गोल्ड-सिल्व्हरमध्ये दिवस-रात्र दाखवणारं घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून त्यांचे सेल आधीच्या पोकेमॉनपेक्षा लवकर संपतात. जुनं सेव्ह गेलं, ते येणार नाही. नवा सेल बसवता येतो. तो पाय जोडलेला मिळतो, तोच घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डर करू देऊ नका, तापून फुटू शकतो. चिकटपट्टीनं दाबून बसवणारेही भेटतील, त्यांना नमस्कार करून परत या.

मला संग्रह सुरू करायचा आहे, पण परदेशी वस्तू परवडत नाहीत. भारताशी संबंध असलेलं काही आहे का? आणि आपल्या भागात शोधायचं कुठं? – कॉलेज विद्यार्थिनी, कारवार

या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न तुझा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात सेगा या जपानी कंपनीची गेमची यंत्रं भारतात शॉ वॉलेसनं विकली. हो, तीच, दारूसाठी नावाजलेली. बाहेरून आणलेल्या मालावर जकात जबर होती, म्हणून त्यांनी इथं जोडणी केली. सेगा मेगा ड्राइव्ह मिळाला तर तळाची चिठ्ठी आणि खोकं बघ, शॉ वॉलेसचं नाव असेल तर खोक्यासकट घे, खोकं फाटलेलं असलं तरी. महाग होता, त्यामुळं आपल्या भागात कमी घरांत आला. डॉक्टर, कंत्राटदार, आखातवाले, अशा घरांत विचार.

दुसरं, प्लेस्टेशन २. त्यावर २००९ साली 'हनुमान: बॉय वॉरियर' निघाला. भारतात बनलेला, हैदराबादच्या कंपनीचा. खेळायला बेतास बात, हनुमंताची क्षमा मागून सांगते. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, तोही हैदराबादचा, त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग. हे दोन्ही आज कुणाला नको आहेत, म्हणून आजच घ्यायचे. डिस्क उजेडात आडवी धरून बघ. गोल फिरणारे ओरखडे आडव्या-उभ्या ओरखड्यांपेक्षा वाईट. आरपार उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर वरचा चकाकता थर उडालाय, ती सोडून दे.

शोधायला मोठ्या शहरात जायला नको. बेळगावात खासबागच्या आठवडी बाजारात जुन्या चार्जर-रिमोटच्या ढिगात हात घाल. 'रेट्रो' म्हणू नकोस, म्हटलंस की किंमत तिप्पट. 'जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी आहेत का?' एवढंच, आणि तिकडच्या विक्रेत्यांशी कन्नड येत असेल तर कन्नडमध्ये. तुझ्या कारवारला गोवा जवळ, तिकडं मडगावला परदेशातून परतलेल्यांच्या घरचं सामान निघतं. सगळ्यात चांगली जागा मात्र बंद पडत चाललेली टीव्ही दुरुस्तीची दुकानं. फळीच्या मागं गिऱ्हाइकानं दुरुस्तीला टाकलेलं आणि परत न नेलेलं काहीतरी असतंच. तिथं मालकाशी आधी अर्धा तास बोल, त्यानं पहिला गेम कधी उघडला ते विचार आणि तारीख-साल वहीत टिपून घे. घासाघीस त्यानंतर. शॉ वॉलेसचं खोकं सापडलं तर तळाच्या चिठ्ठीचा स्वच्छ फोटो मला पाठव, माझ्या वहीत तो अजून नाही.